काकूंच्या तुरीतला बछडा

एका शब्दापायी अख्खं गाव काठ्या घेऊन पळायला लावलंय मी! हसू नका, चहा सांडेल.

मी मूळची दारव्ह्याची. बदली झाली घाटंजीजवळच्या एका गावच्या शाळेत. राहायला वच्छलाकाकूंकडे, भाड्यानं. तेव्हा वाघाच्या बातम्यांनी सगळ्यांची झोप उडालेली. अशात शाळा सुटल्यावर येताना काकूंच्या तुरीत काय दिसावं? पिवळट अंग, पाठीवर पट्टे, एवढंसं पिल्लू!

धापा टाकत घरी आले. "काकू, तुमच्या तुरीत बछडा!"

वाघाच्या पिल्लाला बछडाच म्हणतात ना? तुम्हीच सांगा!

तर काकूंचा चेहरा उजळला. उजळला हो!

"सापडला का वो मॅडम? दुपारपासून शोधून राह्यली मी! माय हंबरून राह्यली त्याची. माह्या घशाखाली घास नाही उतरला."

आणि दोर घेऊन बाई तरातरा निघाल्या!

माय हंबरते? वाघीण? हंबरते?

मग ट्यूब पेटली. काकूंचा बछडा म्हणजे गाईचं वासरू! आणि या चालल्या वाघाच्या पिल्लाला दोर बांधायला!

"काकू, थांबा वो! वाघाचं हाय!" माझी शुद्ध भाषा कुठल्या कुठे पळाली. काकू तर पार पुढे. मी गल्लीतून बोंबलत सुटले, "वाघ! वाघ! काकू गेल्या!"

झालं! बाप्ये काठ्या घेऊन, बाया ताटल्या बडवत माझ्यामागे. कुणीतरी वनखात्याला फोनही लावला.

धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, काकूंना गाठलं आणि रडत मिठीच मारली.

"काहून रडून राह्यल्या मॅडम?"

तेवढ्यात तूर हलली. पट्टेवालं पिल्लू बाहेर आलं. मागून दुसरं. मग तिसरं. आणि मग फुरफुरत त्यांची आई. रानडुकरीण!

"चढा वर, चढा!" काकूंनी मला दंडाला धरून बाजूच्या राखणीच्या मचाणावर ओढलं. वाचवायला कोण गेलं होतं, आणि वाचवलं कुणी!

ताटल्यांच्या आवाजानं डुकरीण पिल्लांसकट पळाली. त्याच गोंगाटानं शेजारच्या सोयाबीनमधून काकूंचं वासरू बिचकून बाहेर आलं. काकू त्याच्या गळ्यात पडून रडल्या. मीही रडले, खोटं कशाला बोलू?

मग वनरक्षक आले. सगळं ऐकून, मिशीतलं हसू दाबत म्हणाले, "होते हो चूक, मॅडम. शाळेत कोणता विषय शिकवता?"

आता काय सांगू? वाघाचा बछडा, हरणाचं पाडस, सिंहाचा छावा, हे पोरांकडून घोकून घेणारी मराठीची बाई मीच! गाव कान टवकारून उभं.

मी मान खाली घातली आणि म्हटलं, "गणित."