काकूंच्या ग्रुपातला गणेश

चार म्हयन्यांमागं पिठाच्या हातातनं मोबाईल परातीतच पडला. उचलला, परत वाचलं. काकूंनी त्यांच्या डब्याच्या ग्रुपवर टाकलेलं — सुनंदाला उद्यापासनं बंद केलंय, आपला मेनू ती बाहेर सांगत हुती. सांगत कोणच नव्हतं. मी वाचत हुते.

हे आजपातूर कुणाला बोलले न्हाय. नवऱ्यालाबी न्हाय.

शालनकाकू अन् मी, दोघी लोणी देवकरच्या कंपनीतल्या पोरांना डबे देतो. काकू आधीपासनं, मी लेक झाल्यावर. काकूंनी गेटवर एक कागद चिकटवला हुता — मोबाईलनं स्कॅन केला की थेट त्यांच्या ग्रुपात. कोण आलं, त्या इचारायच्या न्हाईत. मी नवऱ्याच्या जुन्या नंबरवरनं शिरले. नाव ठेवलं गणेश, सेकंड शिफ्ट.

सांजच्याला सातला काकू उद्याची भाजी टाकायच्या. त्यांचा दोडका असला की लगीच माझ्या ग्रुपवर अंडाकरी. त्यांची अंडी असली की माझ्याकडं दोन चपात्या वाढीव. गिऱ्हाईक सरकायला लागलं. मला वाटायचं, सातवी शिकले तरी धंद्यात हुशार हाय मी. हुशारी कसली ती? चोरून बघणं.

एकदा काकूंनी त्या गणेशला मेसेज केला — "बाळा, एकबी डबा घेतला न्हाईस. जेवतोस कुठं? उपाशी राहू नगंस, दोन दिस असाच खाऊन बघ." मी हसले हुते तवा. खरंच हसले.

सुनंदाताई काकूंकडं चपात्या लाटायची अन् राहायची माझ्या गल्लीत. म्हणून संशय तिच्यावर. काम गेलं तशी माझ्याच दारात येऊन रडली, "मंगल, मी गं कशाला सांगीन?" मी तिला चहा दिला — नुसता चहा. तोंड उघडलं असतं तर माझे डबे बंद, लेकीचं दूध... तुमी काय केलं असतं? न्हाय, ते ऱ्हाऊ द्या. मी चार म्हयनं गप बसले, तेवढंच खरं.

आज सकाळी त्या गणेशला ग्रुपातनं काढलं अन् माझ्या नंबरवरनं फोन लावला. "काकू, सुनंदाताईनं काय सांगितलं न्हाय. तुमच्या ग्रुपातला गणेश मीच हुते. घरी येऊ का?"

काकू म्हणल्या, "ये. सुनंदालाबी घिऊन ये. तिच्यासमोर बोल."

लेक कडेवर हाय. किती दिसांनी हलकं वाटतंय. सुनंदाताईच्या दाराची कडी वाजवलीय. आतनं तिची पावलं येत्यात.