फळीवरचे खडे

आमच्या खिचडीवाल्या मावशीला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण आज शाळेत किती पोरं आली आहेत हे मी हजेरी घ्यायच्या आधीच ती मला सांगून टाकायची. "एकोणीस हायेत बाई. एक येतंय मागून, त्याच्या पायात काटा गेलाय." मी हजेरीपट उघडून, नावं पुकारून, बोट फिरवून शेवटी एकोणीसवरच यायची. आणि मला उगाचच तिचा राग यायचा.

सूर्यमाळच्या खालच्या अंगाला एका पाड्यावर आमची शाळा. दोन खोल्या, चार वर्ग, दोन शिक्षक. मोठे सर तिसरी-चौथी बघायचे, पहिली-दुसरी माझ्या गळ्यात. मी कऱ्हाडकडची. पहिलीच नोकरी, आवाज मोठा, आणि डोक्यात डी.एड.च्या वह्या काठोकाठ भरलेल्या. माझ्या वर्गाच्या भिंतीला लागून स्वयंपाकाची शेड होती. त्यामुळे मी काय शिकवते ते मावशीला ऐकू यायचं आणि तिच्या फोडणीनं माझा वर्ग ठसकायचा.

तिच्या हजेरीचं गुपित मला महिन्याभरानं कळलं. चुलीजवळ भिंतीला एक लाकडी फळी ठोकलेली होती आणि तिच्यावर ओळीनं सव्वीस खडे. शाळेत नाव घातलं की प्रत्येक पोरानं ओहळातून आपल्या पसंतीचा एक खडा आणायचा, हा मावशीचा नियम. सकाळी येताना आपला खडा फळीवरून उचलून परातीत टाकायचा, दुपारी जेवण झालं की परत फळीवर. परातीत जितके खडे तितक्यांचा तांदूळ. फळीवर उरले ते आज आले नाहीत. भांडी घासताना ती पोरांना विचारायची, "फळीवर किती रे? मग परातीत किती असतील?" पहिलीतली शेंबडी पोरं हातातली राख न झटकता उत्तर द्यायची. हीच पोरं माझ्या रंगीत तक्त्यासमोर मूग गिळून बसायची. पहिलीची पोरं मोजायला शिकली ती त्या शेडमध्ये, माझ्या वर्गात नाही. हे आज कबूल करते. तेव्हा कोणी म्हटलं असतं तर त्याच्याशी कडाकडा भांडले असते.

एकदा मी भोपळ्याचं चित्र दाखवून घसा कोरडा केला. "सांगा, काय आहे हे?" कोणी हूं की चूं करेना. तेवढ्यात मावशी दारातून आत आली आणि मांडीएवढा खराखुरा भोपळा वर्गाच्या मधोमध ठेवून निघून गेली. "डांगर!" सगळा वर्ग ओरडला. मग पोरांनी तो वाजवला, ढकलला, दोघं मिळून उचलला. कापल्यावर बिया मोजल्या, दहा-दहाचे ढीग केले, आणि त्या दिवशी भाजीही त्याचीच झाली. "चित्राला वास नाय बाई," मावशी एवढंच म्हणाली.

तांदूळ निवडायलाही ती पहिलीच्याच पोरांना बसवायची. मी म्हणाले, "मावशी, पोरं शिकायला येतात, तुमची कामं करायला नाही." तर म्हणाली, "बोटं तर उघडू द्या. मूठ वळल्याली हाय अजून, पेन्शील धरंल कशी?" मी नाक मुरडलं. आणि दिवाळीपर्यंत त्याच पोरांची बोटं राखेत 'ट' आणि 'र' अशा सफाईनं गिरवायला लागली की माझी मलाच लाज वाटली.

माझ्याबद्दल तिची एकच तक्रार होती. मी डबा घेऊन जायची. वर्गात एकटी बसून पोळी-भाजी खायची. मावशी रोज दारात येऊन विचारायची, "बाई, तुमचा खडा कोठं?" मी हसून डबा दाखवायची. ती मान हलवून परत जायची. तीन वर्षं हा संवाद एक दिवस चुकला नाही.

आता जानीचं सांगते. माझ्या तिसऱ्या वर्षी ती पहिलीत आली, सहा वर्षांची. माझ्या वर्गात तीन महिने ती एक शब्द बोलली नाही. मला वाटलं होतं, पोरीला ऐकूच येत नसावं. एक दिवस शेडमधून गोड, झरझर बोलणं ऐकू आलं म्हणून डोकावले, तर ही बया मावशीला खडे लावून दाखवत होती: लहान ते मोठे, मग काळे वेगळे, तांबडे वेगळे. तिचा स्वतःचा खडा काळाभोर, मधून पांढरी रेघ गेलेला. मी दिसले तशी गप्प झाली. त्या दिवसापासून मी माझा गणिताचा तास शेडमध्ये घ्यायला लागले. आठवड्याभरानं जानी माझ्याकडे न बघता, पण माझ्याशी बोलली, "सात." बरोबर होतं. मी एवढी खूश झाले की तिला उचलूनच घेतली.

दिवाळी झाली आणि नेहमीप्रमाणे माणसं भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर निघाली. सात पोरं जाणार होती, त्यांत जानी. मावशी तिच्या आईकडे गेली, मीही बरोबर होते. मावशी म्हणाली, "पोर माझ्याजवळ ठेव. माझ्या घरात निजंल, शाळंत खाईल." आई खाली बघत म्हणाली, "मग लहाना कोण सांभाळील? मी माती तुडवू का त्याला घेऊन बसू?" दुसऱ्या दिवशी टेम्पो भरून गेला.

पुढच्या आठवड्यात शाळेला साहेबांची भेट होती, म्हणून मी साफसफाई काढली. मावशी पाण्याला गेलेली. मी फळी पुसली, आणि गेलेल्या पोरांचे खडे कशाला उगाच म्हणून परातीतले सोडून बाकीचे अंगणात भिरकावले. मावशी आली, फळीकडे बघितलं आणि हंडा तसाच डोक्यावर ठेवून उभी राहिली.

"माणूस भट्टीला गेला म्हणून काय घर मोडायचं असतं का बाई?" ती म्हणाली. "खडा हाय म्हणून पोर येतंय परत. आता येल कसं?"

बस्स, एवढंच. तिनं हंडा उतरवला आणि चुलीला लागली.

मग मी पहिलीचा अख्खा वर्ग घेऊन अंगणात गुडघ्यांवर बसले. अंगणभर खडेच खडे! पण पोरांना एकेक माहीत. "हा नाय, त्याला टोक हाय." "हा सुंदरीचा, चपटा हाय बघा." माझ्या हातात दिला की मी पुसून फळीवर ठेवायची. सहा सापडले. जानीचा पांढऱ्या रेघेचा खडा काही मिळेना. दुपारभर शोधला, दुसऱ्या दिवशी शोधला, पुढे कितीतरी दिवस येता-जाता माझी नजर खालीच असायची. अंधश्रद्धा म्हणा हवं तर. मला त्या रिकाम्या जागेकडे बघवत नसे.

मे महिन्यात माझी बदली झाली, कऱ्हाडला, घराजवळ. सगळ्यांनी पेढे मागितले. मावशीनं तेवढे मागितले नाहीत. जूनमध्ये शाळा उघडली. शनिवारी मी कार्यमुक्त होणार होते. भट्टीवरची पोरं एकेक करून परतली आणि आपापले खडे परातीत टाकू लागली. बुधवारपर्यंत सहा झाली. गुरुवार गेला. शुक्रवार गेला. कागदपत्रं करताना मी दर थोड्या वेळानं दाराकडे बघत होते. शेडमधून मावशीही तेच करत होती.

शनिवारी सकाळी जानी आली. उंच झालेली, केस मातीनं तांबूस, कडेवर भाऊ. सरळ फळीकडे गेली, फ्रॉकच्या खिशात हात घातला आणि पांढऱ्या रेघेचा खडा काढून परातीत टाकला. टण्ण!

"अगं, तू नेला होतास?" मी ओरडलेच.

"मग?" जानी म्हणाली. "तिकडं रोज टाकायची मी. विटेवर."

मी तिथंच बसून रडले. मावशी आठ महिन्यांनी पहिल्यांदा मनमोकळं हसली. "येडी हायेत बाई तुमी," म्हणाली.

जानीनं खिशातून आणखी एक वस्तू काढली. बोटाएवढी, भट्टीत भाजलेली वीट, तिच्यावर तिच्याच बोटांचे ठसे. "ही बाईंची," ती मावशीला म्हणाली. मावशीनं ती माझ्या हातात दिली नाही. माझ्यादेखत परातीत टाकली, आणि तांदळाच्या पातेल्यात एक मूठ वाढवली. त्या दिवशी मी डबा उघडला नाही. पोरांच्या पंगतीत, जानीशेजारी मांडी घालून बसले आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्या चुलीवरची खिचडी खाल्ली. इतकी चांगली होती की स्वतःला दोन थोबाडीत माराव्यात असं वाटलं.

इथं कऱ्हाडकडच्या माझ्या वर्गातही आता एक फळी आहे आणि नदीतले एकतीस खडे. परवा मोठ्या सरांना फोन केला होता. त्यांनी तो मावशीच्या हातात दिला. मी विचारलं, "मावशी, माझी वीट आहे का फळीवर?"

"फळीवर कशाला? परातीत हाय," मावशी फोनवर ओरडून बोलली. "रोज एक मूठ जास्त शिजतंय. तुमच्या वाटचं कुत्रं खातंय आणि माजलंय नुसतं. या आता, खाऊन जा."