कपबशांचा बँड

भूतखेत, अंगात येणं, लिंबू-मिरची... यातल्या कशावरही माझा विश्वास नाही, कधीच नव्हता. आम्ही बौद्ध. माझ्या लहानपणीच आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घरातले देवाचे टाक नदीत सोडले होते. शेजारी कुणाच्या अंगात आलं की ते मला मुद्दाम बघायला न्यायचे आणि परत येताना म्हणायचे, "बगितलंस? दमली की बसली खाली." अशा घरात वाढलेली बाई मी, त्यातून जन्मभर शाळामास्तरीण. तेव्हा "ताई, तुम्हाला भास झाला असेल" असं लिहायची ज्यांना घाई झालीय त्यांनी आधी शेवटपर्यंत वाचावं. ऐकायला मी एकटी नव्हते. आणखी तिघं होते, आणि तिघांनीही नंतर हात वर केले. खरं सांगायचं तर मी हे लिहितेय ते त्या रागापोटीच.

सत्तरच्या दशकाची सुरुवात. मी वेल्हे तालुक्यात, राजगडाच्या पायथ्याला पालीच्या शाळेवर होते. घर भोर तालुक्यात, भाटघरला. शनिवारी शाळा सुटली की घरी यायचं आणि रविवारी दुपारी फाट्यावरून एसटी पकडून परत जायचं, नसरापूरला गाडी बदलून. आई केव्हाच गेली होती. घरी आबा एकटेच.

फाट्यावर एक हॉटेल होतं. आमच्याकडे हॉटेल म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं, कारण सगळा घोळ त्या एका शब्दाचा आहे. पत्र्याची शेड, शेणाने सारवलेली जमीन, दोन बाकडी, बरणीत शेव, कढईत भजी आणि गल्ल्यावर मालक. हे हॉटेल. यापेक्षा वेगळं हॉटेल जगात असू शकतं हे आमच्या गावात कुणाच्या गावीही नव्हतं. मालकाला सगळे नाना म्हणायचे.

आणि माझे आबा, तानाजी, उभ्या जन्मात एकच गोष्ट सांगत आले — "म्या मुंबईला हॉटेलात बँड वाजवत व्हतो."

आता बोला!

ही गोष्ट तीसच्या दशकातली. आबा वस्तीतल्या लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट शिकले आणि गिरणीत काम मिळतंय का बघायला मुंबईला गेले. तिथे एका गोव्याच्या फर्नांडिस मास्तरांनी त्यांचं वाजवणं ऐकलं आणि थेट आपल्या डान्स बँडमध्ये घेतलं. समुद्राकडे तोंड करून उभं असलेलं मोठं हॉटेल. संगमरवरी जिने, झुंबरं, पांढरा कोट, गळ्याला काळा बो. "लाकडाची जमीन, बायो," आबा सांगायचे, "मेण लावून अशी घासलेली, का नाचनाऱ्या बायांच्या झग्याचं रंग खाली दिसायचं." रात्र संपताना बँड नेहमी एकच संथ गाणं वाजवायचा, तीन-तीन मात्रांचं. ते झालं की वाद्यं पेटीत. त्यानंतर काहीही वाजवायचं नाही, असा मास्तरांचा दंडक होता. युद्ध सुरू झालं, बँड मोडला, आबांच्या छातीने दगा दिला, आणि ते गावी आले. पुरावा म्हणून एक फोटो होता तो उंदरांनी खाल्ला.

गावाने काय केलं? हसून घेतलं. "हाटेलात बँड? भजी तळताना वाजवायचा का रं, तान्या?" हा विनोद नानाचा. मग त्याने नावच पाडलं, कपबशांचा बँड. आबा फाट्यावर दिसले की नाना बशीवर चमचा वाजवायचा आणि बाकड्यावरचे सगळे खिदळायचे. आबांनी ते गाणं एकदा वरातीत वाजवलं होतं म्हणतात. तीन मात्रांवर कुणाला नाचता येईना, लोक एकमेकांच्या पायावर पडले, तेव्हापासून त्याचं नाव 'लंगडं गाणं'. आमच्या घरात मात्र ते सकाळ-संध्याकाळ गुणगुणलं जायचं. मला ते पाठ होतं.

आणि हसणारा हा नाना कोण? ज्याच्या हॉटेलात आमच्या वस्तीसाठी कान तुटलेले कप बाहेरच्या फळीवर वेगळे ठेवलेले असायचे. कायदा होऊन किती वर्षं झाली होती! मी शिकलेली, इस्त्रीची साडी नेसणारी, म्हणून मला तो "बाई, च्या घ्या" म्हणायचा. मी तिथे पाण्याचा घोटही घेतला नाही.

चीड मला आबांचीही यायची. एकदा न राहवून विचारलं, "त्या हॉटेलात तुम्ही पुढच्या दाराने जात होता?"

"न्हाई. मागनं. भटारखान्यातनं."

"मग कसलं कौतुक सांगता जन्मभर? इथं मागचं दार, तिथंही मागचंच."

आबा चिडले नाहीत. म्हणाले, "मागनं सगळाच बँड जायचा गं. पर आत गेल्यावर येकाच तांब्यातलं पानी सगळी प्यायची. कोन कुनाचा, कुनी इचारलं न्हाई. हितं कुनी इचारायचं ऱ्हायलंय का?"

पण राग गेला नाही. एवढ्याशा गोष्टीची माणसाला चाळीस वर्षं आठवण काढत बसावं लागतं, याचाच तो राग होता.

त्या उन्हाळ्यात आबांनी अंथरूण धरलं. भोरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता फार आशा नाही. आबांना मरणाचं काही वाटत नव्हतं. त्यांच्या मनाला लागलं होतं ते वेगळंच. "मातीला मानसं येतील," ते म्हणाले, "आन तितंबी कुनीतरी कपबशांचा बँड म्हनून हसंल. येकानं तरी म्हनावं गं, तानाजी खोटं बोलत न्हवता."

त्या रविवारी मी जड मनाने फाट्यावर आले. ऊन रणरणत होतं, सावली फक्त शेडच्या कडेला. तिथे कोंबड्यांची पाटी घेऊन एक म्हातारी टेकली होती, सखूआजी. आतल्या बाकड्यावर दगडूअण्णा, आमच्या भागातले मोठे बागायतदार. चुलीपाशी नाना. चौथी मी. रस्ता दोन्ही बाजूंनी रिकामा. हॉटेलात वीज आलेली नव्हती. नानाचा एक ट्रान्झिस्टर होता, पण त्याचे सेल उतरले होते म्हणून त्याने ते काढून माझ्यासमोरच्या फळीवर उन्हात तापत ठेवले होते. तेव्हा सगळेच ठेवायचे, थोडी जान येते म्हणून. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण नंतर याच ट्रान्झिस्टरवर बिल फाडलं गेलं.

आधी खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. लाकडावर. शेडमध्ये खुर्ची एकही नव्हती आणि लाकडाची जमीन तर नव्हतीच... मग कुणीतरी पुरुष हलक्या आवाजात म्हणाला, "टोनी, हळू हां." आणि त्यानेच मोजलं — वन, टू, थ्री.

आणि गाणं सुरू झालं.

तेच. पण गुणगुणलेलं नाही, अख्खा बँड! खाली काहीतरी जाड, घुमणारं, मध्ये पियानो, आणि सगळ्यांच्या वर क्लॅरिनेट. आवाज कुठून येतोय म्हणाल तर शेडच्या आतून, भज्यांची कढई आणि शेवेच्या बरण्या यांच्या मधून. पायही ऐकू येत होते, पुष्कळ पाय, घासत वळणारे. दगडूअण्णांनी तोंडाशी नेलेली बशी तशीच राहिली. सखूआजीने पाटीवर दोन्ही हात दाबून धरले, आणि आतल्या कोंबड्या मात्र गप्प. नाना ओगराळं हातात घेऊन उभा. त्याच्या समोर चहा उतू गेला, चूल फिस्सकन विझली, तरी त्याने खाली पाहिलं नाही.

मग गाणं मध्येच थांबलं. दार लावून घेतल्यावर आतलं बोलणं थांबतं तसं. पुन्हा ऊन, पुन्हा माशा.

"ऐकलंत ना?" मी म्हणाले. तेवढ्यात एसटी आली. दगडूअण्णा आणि सखूआजी तोंडातून शब्द न काढता आत चढले, आणि गाडी गेली. मी पिशवी उचलून घराकडे पळत सुटले.

आबांना सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते, आजाऱ्याची समजूत काढणारं बोलणं ऐकतात तसं. मी म्हणाले, "आणि कुणीतरी टोनीला हाक मारली."

आबांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. "म्याच टोनी," ते म्हणाले. "मास्तरनी ठेवलेलं. तानाजीचं टोनी. हे तुज्या आयलाबी म्या सांगितलं न्हाई. लोक आजून हसली असती."

ते रडले. मीही रडले. मला वाटलं, मिळालं यांना हवं होतं ते. पण थोड्या वेळाने डोळे पुसून म्हणाले, "तू माजी लेक. तू ऐकनारच. नानानं ऐकलं का?"

मी तशीच उठले. फाट्यावर आता पाच-सहा गिऱ्हाइकं होती. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "नाना, आबांचे दिवस भरलेत. दुपारी जे ऐकलंत ते त्यांना येऊन सांगा. एवढंच."

नाना फडक्याने बरणी पुसत राहिला. "काय ऐकलं, बाई? कुनीतरी ट्रान्झिस्टर लावला आसंल."

"तुमचे सेल अजून फळीवर आहेत!"

"मग रस्त्यानं जानाऱ्या कुनाचा आसंल."

"रस्त्याने कोण जात होतं? आणि चहा उतू कसा गेला? चूल विझली ना तुमची?"

"आवो, हाटेल हाय. च्या उतू जातो." यावर बाकड्यावर हशा पिकला, आणि एकाने बशीवर चमचा वाजवला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. फळीवरच्या कपांवरून बोलले, त्याच्या सात पिढ्यांवरून बोलले. मास्तरीण बाईच्या तोंडी शोभणारं त्यात काही नव्हतं, आणि मला त्याची आजही लाज वाटत नाही. एक माणूस मरताना एक वाक्य मागतोय, खरं वाक्य, आणि ते याच्या जिभेवर असून देववत नाही!

सोमवारी मी रजा टाकली. दुपार कलली होती. मी आबांना पेज भरवत होते. दारात सावली पडली म्हणून पाहिलं, तर नाना. आमच्या वस्तीत त्याला त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं. "बस" म्हणायचं माझ्या मनात नव्हतं, पण आबांनी हाताने खूण केली. तो उंबऱ्याच्या आत आला आणि भिंतीला टेकून खाली बसला.

मग नाना खाली बघत म्हणाला, "तानबा... त्ये मदीच थांबलं. रातभर डोळ्याला डोळा न्हाई. फुडं काय व्हतं?"

आबा माझ्याकडे बघून हसले. त्यांना गुणगुणायलाही दम नव्हता. त्यांनी दोन्ही हात गोधडीवर आणले, क्लॅरिनेट धरल्यासारखे, आणि बोटं चालवायला लागले. आवाज काही नाही. ओठ मिटलेले. फक्त गोधडीवर बोटं उठत होती, पडत होती. मला गाणं पाठ होतं, तरी ते कुठून सुरू केलंय आणि कुठवर आलंय हे मला कळेना. नाना मात्र मान खाली घालून ऐकत होता. हो, ऐकत होता. दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

आबांची बोटं चालूच होती, आणि नाना म्हणाला, "संपत आलं."

दोन-तीनदा बोटं पडली आणि थांबली.

"व्हय," आबा म्हणाले. "संपलं."

नाना उठला, आबांच्या पायांना हात लावून निघून गेला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. त्यानंतर आबा पुन्हा बोलले नाहीत. त्याच आठवड्यात गेले.

मातीला नाना आला होता. मी वाट पाहत होते. इतकी माणसं जमली होती, एक वाक्य बोलायचं होतं फक्त. एकाने हळूच "कपबशांचा बँड आता बंद" म्हटलंच, मी माझ्या कानांनी ऐकलं. नाना त्याच्या शेजारी उभा होता. त्याने ना हसू दाखवलं, ना तोंड उघडलं. पुढे कुणीतरी त्याला विचारलं म्हणे, तू तान्याच्या घरी कशाला गेला होतास? तर म्हणाला, उधारी मागायला. आबांनी त्याच्या हॉटेलात आयुष्यात कधी चहा घेतला नाही, उधारी कुठली!

दगडूअण्णांना विचारलं, त्यांनी मला ओळखच दाखवली नाही. सखूआजी म्हणाली, "बाई, मला कानानं कमी ऐकू येतं." तिला चांगलं ऐकू यायचं.

वाचकहो, तो आवाज शेडमध्ये कसा आला याचं उत्तर माझ्याकडे नाही. आवाज नसलेलं गाणं कुठे संपतं हे नानाला कसं कळलं, याचंही नाही. विज्ञान शिकवलंय मी मुलांना, तरी नाही. कुणाकडे असेल तर जरूर कळवा, मी मोकळ्या मनाने वाचेन. पण नानाचं नंतर मन बदललं असेल, तो आतून चांगला होता, त्याला माफ करा असलं काही कृपा करून लिहू नका. त्याने सगळं ऐकलं होतं, अगदी शेवटापर्यंत, माझ्यापेक्षाही जास्त. आणि तो गप्प राहिला.