फळ्यावर आईबाप कुठं होते

औरादच्या बस स्टँडवर बंगळूरची गाडी लागली होती आणि माझ्या वडिलांनी, अप्पांनी, सगळ्यांसमोर टोपी काढून प्रार्थना सुरू केली. कंडक्टर थांबला. शेजारी गप्पा मारत बसलेले दोघं गप्प झाले. मी नवी नवरी, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शमुवेल, माझा नवरा, डोळे मिटून उभा होता. आमेन झाल्यावर अप्पांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता रडतील. पण अप्पा आमच्या चिंताकी गावचे शिंपी. बोलणंही कात्रीनं कापल्यासारखं. म्हणाले, "मार्था, शहरात देवाच्या नावानं लई लोकं भेटतील. कोण काय मागायलंय ते आधी बघ. मग आमेन म्हण."

तेव्हा मनात आलं, म्हातारा उगाच संशयी आहे. आज हे लिहितेय ते गावात मागं राहिलेल्या तुमच्यासाठी, आणि माझ्यासारखं निघून येऊन नव्या शहरात देवाचं घर शोधणाऱ्यांसाठी.

बंगळूरला मला एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली, शमुवेल एका कुरियर गोदामात सुपरवायझर झाला. आमची बिदरची कन्नड ऐकून घरमालकीण विचारायची, तुम्ही महाराष्ट्रातले का? आणि वॉर्डातली पुण्याची सिस्टर माझी मराठी ऐकून हसायची. दोन भाषा येत असून मी मुकी झाले होते. अशात आम्हाला एक फेलोशिप, ख्रिस्ती लोकांची प्रार्थनामंडळी, भेटली. एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, कीबोर्ड, गिटार. मला डेंग्यू झाला तेव्हा तिथल्या बायकांनी आळीपाळीनं गंजी, म्हणजे तांदळाची पेज, करून आणली. ते मी कधी विसरणार नाही. आमच्याकडं उपासनेनंतर हात मिळवून 'सलाम' म्हणतात. इथं सगळे 'प्रेज द लॉर्ड' म्हणायचे. मीही म्हणायला लागले.

फेलोशिप चालवणाऱ्याला सगळे ब्रदर म्हणायचे. गोड आवाज, समोरच्याचा हात हातात घेऊन बोलायची सवय. पण त्यांना सगळं माहीत असायचं. मी सुट्टीत कुठं गेले, गावाकडं किती वेळ बोलले. मी तर सांगितलेलं नसायचं. मग कोण सांगत होतं? गाणी म्हणताना मी शेजारणीच्या चेहऱ्याकडं चोरून बघायला लागले. देवाच्या दारात बसून माणसं तपासायची, हे मला स्वतःलाच आवडत नव्हतं.

एका रविवारी ब्रदरनी फळ्यावर आयुष्याचा अग्रक्रम लिहिला. सगळ्यात वर देव. त्याखाली सेवा. मग नवरा-बायको, मग मुलं, मग नोकरी. मी हात वर केला. "आणि आईवडील?"

ते हसले, खडूनं फळ्याची कड दाखवली. "नातेवाईक. ते बाहेर. मार्था, नावासारखी वागू नकोस. बायबलातली ती मार्था पण येशू घरी आलेला असताना नको त्या कामात गुंतली होती."

सगळे हसले. शमुवेलही हसला. देव पहिला, हे मला मान्यच होतं. लहानपणापासून अप्पांच्या मशीनच्या खडखडाटात तेच ऐकलेलं. पण या ओळीत देवाच्या जागी हळूच ब्रदर येऊन बसलेत की काय, अशी शंका मनात शिरली, ती निघेना.

मग कन्व्हेन्शन आलं, फेलोशिपचा मोठा मेळावा. उपवास-प्रार्थना, बाहेरगावचे पाहुणे, गाण्याची जबाबदारी माझ्यावर. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पायऱ्यांवर चहा पीत होते आणि अप्पांचा फोन आला. त्यांनी सलाम केला नाही, मी कशी आहे विचारलं नाही.

"तुझी आई पडली, खुब्याचं हाड मोडलंय. तू ड्युटीवर होतीस म्हणून तुझ्या नवऱ्याला परवाच सांगितलो की. तू कामून आली न्हाईस?"

चहाचा कप मी तिथंच ठेवला. आत शमुवेल खुर्च्या लावत होता. माझा चेहरा बघूनच त्याला कळलं.

"ब्रदर म्हणाले, कन्व्हेन्शन होईपर्यंत सांगू नको," तो म्हणाला. "तुझं मन सेवेतून हलू नये म्हणून. मी रोज फोन करून विचारायलो ना."

"माझी आई हाय ती," मी म्हणाले. "आणि तुम्ही मला गाणी म्हणायला लावलाव?"

ब्रदर जवळ आले. हात पुढं केला, मी दिला नाही. कन्नडमध्ये शांतपणे म्हणाले, ही तुझी परीक्षा आहे सिस्टर, देवाला पहिलं स्थान दे. मी म्हणाले, "क्रुसावर खिळलेला असताना येशूनं आपल्या आईला शिष्याच्या हाती सोपवलं. जगाचं तारण चाललं होतं, तरी आईची सोय लावायची राहिली नाही. तुमच्या फळ्यावर ती कुठं बसते?"

ब्रदरचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "सैतानालाही शास्त्र येतं," ते म्हणाले.

त्या वाक्यानं मला बिदरपर्यंत सोडलं नाही. गाडीत मी स्वतःलाच तपासत होते. मी आईच्या मायेनं निघालेय की ब्रदरला हरवायच्या हट्टानं? देवाला खरंच मागं टाकलं का?

बिदरच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं होतं. आईच्या उशाशी आमच्या शेजारच्या बौद्ध घरातल्या पंचशीलाअक्का बसल्या होत्या. आई पडली तशी त्यांनीच जीप बोलावली, त्याच सोबत आल्या, तेव्हापासून हलल्या नव्हत्या. अप्पा दारात आडवे उभे राहिले. माझ्या बॅगेकडं, मग माझ्या मागं बघितलं. "तुझ्या त्या ब्रदरनं पाठवलंय का? इथं तेल-बिल लावून प्रार्थना करायला?"

"न्हाई अप्पा. मी आपणहून आले."

त्यांचा विश्वास बसला नाही, हे दिसत होतं. पण बाजूला झाले. मी आईचा हात धरला आणि सवयीनं डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. आईनं माझा हात हलवला. "देव कुठं जायलाय? आधी माझी वेणी घाल. डोकं लई खाजायलंय." पंचशीलाअक्का हसल्या आणि मला कंगवा दिला. वेणी घालता घालता मी रडले. मग आईनंच प्रार्थना केली. अक्का हात जोडून शेजारी बसून राहिल्या.

आठवड्यानं शमुवेल आला. माझे फोन, माझी सुट्टी, हे सगळं ब्रदरना तोच सांगत होता, हे त्यानंच कबूल केलं. "ते विचारायचे, मी सांगायचो. न्हाई म्हणलो तर देव रागवंल, असं वाटायचं," अप्पांसमोर तो बोलला. अप्पांनी त्याला जेवायला बसवलं, एवढंच.

फेलोशिप आम्ही सोडली. गंजी आणणाऱ्या बायकांपैकी एकीनंही नंतर माझा फोन उचलला नाही. त्याचं दुःख अजून आहे. आता एका साध्या जुन्या चर्चमध्ये जातो. तिथले पाळक चांगले आहेत, असं वाटतं. वाटतं, इतकंच म्हणते. उपदेश ऐकताना माझं मन अजून पहाऱ्यावर असतं. गावाकडं आई वॉकर धरून अंगणात येते. देव आजही पहिला आहे. पण आता एवढं कळलंय, की देव पहिला म्हणजे मागचं कुणी ओळीबाहेर नाही.

परवा मी भाकरी थापत असताना शमुवेलनं विचारलं, "अजून माझ्यावर विश्वास न्हाई ना?"

"सगळा न्हाई," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली आणि ताटं घेतली. ज्या घरात हे तोंडावर सांगता येतं, आणि सांगूनही दोघं जेवायला बसतात, त्यालाच मी आता घर म्हणते.