एकदाच विचारणारं गाव

जर्मनीतल्या एका खेड्याच्या ग्रामपंचायतीच्या इतिवृत्तात एकाच वर्षात माझं नाव पाच वेळा आलं आहे, आणि त्यातल्या एकाही नोंदीमुळे आमच्या घराण्याची मान उंचावलेली नाही.

ही पन्नाशीच्या दशकातली गोष्ट. मी तिकडे टेक्निकल युनिव्हर्सिटीत डॉक्टरेट करत होतो. शहरातली निम्मी घरं बॉम्बनी पडलेली, त्यामुळे खोली मिळाली ती बसनं पाऊण तासावरच्या एका खेड्यात, जुन्या शाळेच्या माडीवर. घरमालक म्हणजे साक्षात ग्रामपंचायत! खोलीत पलंग टाकला की दार अर्धंच उघडायचं. (मी तेव्हा अंगानं बारीक होतो म्हणून निभलं.) शेजारी एक दुसरी खोली होती, तिच्यात पंचायतीच्या मोडक्या खुर्च्या सुखानं नांदत होत्या. आणि फेब्रुवारीअखेर माझी बायको सुमती पुण्याहून बोटीनं यायची होती. ती शेजारची खोली मिळाली तर संसार, नाहीतर आम्ही दोघं आणि अर्धं दार.

जानेवारीच्या सभेला सरपंचांनी मला मुद्दाम बोलावलं. सरपंच हेर क्राउजे (तिकडे श्रीयुतांना 'हेर' म्हणतात) म्हणजे सहा फूट उंची आणि लाकूड फोडल्यासारखा आवाज. सभा गावातल्या खानावळीच्या मागच्या दालनात भरायची. पहिला विषय गावाचा वळू. तो म्हातारा झाला होता आणि नवा कुठल्या जातीचा आणावा यावर नऊ पंचांची दहा मतं होती. (जनावरांचं आणि माझं कधी जमलं नाही. पोळ्याचे बैलसुद्धा मी गॅलरीतूनच पाहिलेले.) तासाभरानं वळू पुढच्या महिन्यावर गेला आणि सरपंच माझ्याकडे वळले.

"हेर डॉक्टर," (डॉक्टरेटला अजून दोन वर्षं होती, पण गावानं ती आधीच देऊन टाकली होती!) "तुमची बायको येतेय म्हणे. शेजारची खोली हवी का तुम्हाला?"

मला अगदी भरून आलं. आणि मी काय म्हणालो?

"छे छे, नको! तुम्हाला उगीच त्रास कशाला!"

आता आपल्याकडे यापुढे काय होतं? समोरचा म्हणतो, "वा, असं कसं? घ्यायलाच पाहिजे." आपण म्हणतो, "अहो, खरंच नको." तो म्हणतो, "माझी शपथ आहे." मग आपण मोठ्या नाइलाजानं खोली घेतो. मी मान खाली घालून त्या दुसऱ्या आग्रहाची वाट पाहत बसलो. तेवढ्यात कारकून हेर लोत्से यांच्या टाकाची कुरकुर ऐकू आली. ते लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होते, "खोलीची... गरज... नाही."

"गेनाऊ," म्हणजे 'अगदी बरोबर', सरपंच म्हणाले. "पुढचा विषय. रस्त्यावरचा बर्फ."

मी घरी आलो आणि सुमतीला पत्र लिहिलं : 'दोन खोल्यांचं जवळजवळ ठरल्यातच जमा आहे.'

फेब्रुवारीत रीतसर अर्ज घेऊन गेलो. वळूवर दीड तास झाल्यावर माझा नंबर लागला.

"तर मग, आता खोली हवी आहे?" सरपंचांनी विचारलं.

"म्हणजे... जमलं तर."

"घाई आहे?"

इथे 'हो' म्हणायचं होतं. दोन अक्षरंही नाहीत, एकच! पण लहानपणापासूनचं वळण ते. जिभेनं मला न विचारताच सांगून टाकलं, "घाई कसली? तुमच्या सवडीनं होऊ द्या."

लोत्से यांनी लिहिलं : 'घाई नाही.' घाई नसलेले विषय सुगीनंतर, सप्टेंबरात घ्यायचे असा नियम होता. तोवर खोली रिकामी कशाला ठेवा, म्हणून ती गावच्या बँडला दिली.

सुमती आली. सोबत दोन ट्रंका, पोळपाट आणि सासूबाईंनी बांधून दिलेला भाजणीचा डबा. अर्ध्या दारातून आधी डबा आत आला, मग ती.

"अहो, दुसरी खोली कुठंय?"

"ही काय, शेजारी. पण तिच्यात ढोल आहे."

"ढोल? कुणाचा?"

"गावाचा."

ती पलंगावर बसली. (दुसरीकडे कुठे बसणार?) त्या दिवशी गुरुवार होता, बँडच्या तालमीचा. भिंतीपलीकडे ढोल सुरू झाला आणि फळीवरचा भाजणीचा डबा ठेक्यावर सरकत सरकत खाली आला. मग मी तिला सगळं खरं सांगितलं. ती रागावली असती तरी चाललं असतं, पण ती हसत सुटली.

मे महिन्यात डॉक्टरांनी गोड बातमी सांगितली. डिसेंबरच्या सुरुवातीला बाळ येणार. आता पाळणा ठेवायचा कुठे? पलंगावर की ढोलावर? माझी झोपच उडाली. सप्टेंबरात पुन्हा काहीतरी भलतंच बोलून बसलो तर?

त्याच सुमारास सरपंचांच्या बायकोनं आम्हाला कॉफीला बोलावलं. सफरचंदाचा केक होता, वर दालचिनी. पहिला तुकडा संपल्यावर फ्राउ क्राउजेंनी विचारलं, "आणखी?"

सुमती लाजून म्हणाली, "नको."

केक उचलून कपाटात गेला! सुमतीला तेव्हा दिवसातून सहा वेळा भूक लागायची. कपाटाकडे पाहणारे तिचे डोळे मला अजून आठवतात. रस्त्यावर आल्यावर ती म्हणाली, "अहो, हे लोक दुष्ट नाहीत. हे एकदाच विचारतात. आणि आपण जे सांगू त्यावर विश्वास ठेवतात, बिचारे!"

मला हे कळायला पाच महिने लागले नव्हते, कारण मला ते कळलंच नव्हतं. पुढच्या वेळी सुमतीनं केकला 'हो' म्हटलं. तीनदा म्हटलं, तीन तुकडे खाल्ले, आणि फ्राउ क्राउजे इतक्या खूश झाल्या की चौथा बांधून दिला.

सप्टेंबरच्या सभेला ती माझ्याबरोबर आली. वळूचं झालं. (अजून ठरलेलं नव्हतं.) सरपंचांनी कागद वर केला. "हेर डॉक्टर, खोली हवी का?"

मी तोंड उघडलं. "तसं म्हटलं तर..."

सुमतीनं माझ्या पायावर पाय दिला आणि उभी राहिली. "हो! हवी!"

"कधी?"

"आज!"

नऊच्या नऊ हात वर झाले. एवढंच! मग सरपंच जरा दुखावल्यासारखे म्हणाले, "पण हे जानेवारीत का नाही सांगितलंत? आम्ही तेव्हाच दिली असती."

मी खाली मान घालून आमची रीत समजावून सांगितली. पहिल्यांदा नाही म्हणायचं, दुसऱ्यांदाही नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा विचारलं की घ्यायचं. सभा गंभीरपणे ऐकत होती. कोणी हसलं नाही. लोत्से यांनी टाक बुडवला आणि ठराव लिहिला : 'हेर डॉक्टर यांना यापुढे प्रत्येक गोष्ट तीन वेळा विचारावी.' एकमतानं मंजूर!

शनिवारी नऊ पंच बाह्या सरसावून हजर झाले. ढोल बाहेर काढला, खुर्च्या काढल्या, भिंतींना चुना दिला. गावच्या पाद्रीबुवांनी जुना पाळणा स्वतः घासून आणला. आम्हा परक्या माणसांसाठी ही मंडळी आपली सुट्टीची दुपार घालवत होती आणि वर आमच्याकडेच पाणी मागायला संकोचत होती. मला रडू आलं, आणि मी ते चुन्यावर ढकललं. त्या गावाचे उपकार मी अजून फेडलेले नाहीत. पण ठराव मात्र त्यांनी तंतोतंत पाळला. बेकरीवाली बाई मला "पाव? पाव? पाव?" विचारायची, आणि बसचा ड्रायव्हर तिसऱ्यांदा "येताय ना?" विचारेपर्यंत बस हलवायचा नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमची मुलगी जन्मली आणि त्याच महिन्यात, वर्षभराच्या चर्चेनंतर, नवा वळू ठरला. सभेत सरपंच उभे राहिले. "यंदा गावात दोन नवे रहिवासी आले. हेर डॉक्टरांची मुलगी आणि हा वळू. तेव्हा स्टेशनपासून वळूला वाजतगाजत आणायचा मान मुलीच्या बापाला. आणाल ना, हेर डॉक्टर?"

"नको!" मी ओरडलो.

"आणाल ना?"

"अहो, नको! खरंच नको!"

सरपंचांनी हसून पंचांकडे पाहिलं आणि प्रेमानं तिसऱ्यांदा विचारलं, "आणाल ना?"

"नको म्हणतोय ना!" आयुष्यात पहिल्यांदाच मी जे मनात होतं तेच बोललो होतो.

"बघा," सरपंच सभेला म्हणाले, "किती सभ्य लोक आहेत!" टाळ्या झाल्या. लोत्से यांनी लिहिलं : 'हेर डॉक्टर यांनी आनंदानं मान्य केलं.'

शनिवारी पुढे बँड, मागे पंचायत, मध्ये वळू आणि वळूच्या दोरीला मी. खिडकीत सुमती मुलीला कुशीत घेऊन हसत होती. सगळा गाव म्हणत होता की हेर डॉक्टरांनी वळूला फार छान आणलं. प्रत्यक्षात कोणी कोणाला आणलं, हे वळूला विचारायला हवं होतं. त्यानं पहिल्याच वेळी खरं सांगितलं असतं.