फाट्याची जत्रा

आमच्या फाट्याचा इतिहास मला तोंडपाठ आहे, कारण तो आमच्याच घरापासून सुरू होतो. त्याआधी पेठ वडगावकडं रस्ता फुटतो त्या चौकात एक बाभळ आणि एसटीची वाट बघून वैतागलेली माणसं, एवढंच होतं. नव्वद सालानंतर कधीतरी बाबांनी तिथं पंक्चर काढायचं दुकान टाकलं. शेजारी आईनं चहाचा स्टोव्ह मांडला. मागं पत्र्याची खोली, त्यात आम्ही. रस्त्यानं जाणारे लोक म्हणायचे, "ह्या माळावर कोण मरायला येतंय?" आम्ही आलो होतो की!

मग आतल्या गावातल्या एका शेतकऱ्यानं समोर खताचं दुकान काढलं. त्यांना आम्ही काका म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला काकू. पाठोपाठ पिठाची गिरण आली, सलून आलं, झेरॉक्सवाला आला. मी कोल्हापूरला कॉलेजात जायला लागले तोवर फाट्यावर बऱ्यापैकी वस्ती झाली होती. कंडक्टर आमच्या स्टॉपची घंटा न सांगता मारायला लागला.

पण फाट्याला जत्रा नसते. ज्याच्या-त्याच्या गावची जत्रा आली की जो-तो शटर ओढून गावाला पळायचा. आम्ही बौद्ध. घरात देव नाही, त्यामुळं जत्राही नाही. जयंतीला आम्ही आमच्या गावी जायचो, ते सगळं आपल्याच माणसांत. काकू मात्र दरवर्षी आतल्या गावच्या जत्रेचं आवतण घेऊन यायच्या. आम्ही जायचो. काकूंच्या घरी बाहेरच्या सोप्यात बसून पोट फुटेस्तोवर जेवायचो. सोप्याच्या आत कधी गेलो नाही, कुणी बोलावलंही नाही, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

एका वर्षी तिथून परत येताना आई म्हणाली, "दरसाली लोकांचं खातोय. आपल्या दारात अजून कुणी जेवून हात धुतला न्हाय."

"रोज शंभर माणूस च्या पितंय की तुझ्या हातचा," बाबा म्हणाले.

"त्यो इकत घेत्यात. बोलवल्यावर जेवायला येत्यात का, ते बघायचंय मला."

"आपली कुठली जत्रा? देव कुठला?"

"देव न्हाय म्हणून भूक बी न्हाय व्हय? फाट्याची जत्रा करतो मी."

आईनं एकदा मनावर घेतलं की बाबा पान्हा घेऊन टायरकडं वळायचे. तेव्हाही वळले.

तिनं रविवार धरला. कॅलेंडर बघून संकष्टी-बिंकष्टी नाही याची खात्री केली, म्हणजे उपवासाचं निमित्त नको. माळकऱ्यांसाठी वांग्याचं वेगळं, वेगळ्या चुलीवर. आमच्या गावच्या वस्तीतलं लग्नातलं मोठं पातेलं बाबांनी टेम्पोतून आणलं. आई नवं लुगडं नेसून आतल्या गावात घरोघर आवतण देऊन आली. सगळे म्हणाले, "येतो की वहिनी, न यायला काय झालं?"

आणि सगळे आले! कुणी आलं नाही असं म्हणायला जागा ठेवली नाही पठ्ठ्यांनी. मांडवात बसले, मटणाचा भाव विचारला, मी कितवीला आहे ते विचारलं, चहा घेतला. आई ताट मांडायला लागली की एकेक जण छातीवर हात ठेवून उठायचा. "आत्ताच जेवलो बघा." "पोटात तिळाएवढी जागा न्हाय." एकाचा तर दातच दुखायला लागला. काकाही आले. "जेवूनच निघालो, वहिनी," म्हणाले आणि समोर दुकानात जाऊन बसले. मला असला संताप आला की चहाची किटली त्यांच्या शटरवर फेकून मारावीशी वाटली. आई ताटं उचलून पुन्हा चवडीवर ठेवत राहिली.

दुपार कलली तेव्हा काकू एकट्याच आल्या. आईनं वर न बघताच विचारलं, "तुमी बी जेवूनच आला असशीला?"

"न्हाय बा," काकू म्हणाल्या. "सकाळधरनं उपाशी हाय. जत्रंला जेवून कोण येतंय व्हय?"

मांडवात बसल्या नाहीत त्या. सरळ आमच्या खोलीत शिरल्या, चुलीपाशी फतकल मारली आणि म्हणाल्या, "वाढा." आईला वाढता येईना. पळी हातात धरून ती हुंदके देऊन रडायला लागली. शेवटी मीच वाढलं. काकूंनी पहिला घास घेतला, मग रस्त्यापलीकडं ऐकू जाईल असा आवाज काढला, "अहो! या हिकडं! ताट वाढलंय!"

काका उठले. रस्ता ओलांडताना दोनदा थांबले. एक ट्रक जाऊ दिला, मग नसलेला दुसराही जाऊ दिला. दारात चपला काढल्या आणि मान खाली घालून बायकोशेजारी बसले. त्यांनी चार भाकरी खाल्ल्या. बोटं चाटून रस्सा परत मागितला. जेवून आलेला माणूस असा जेवत नाही. डोळे पुसत आई म्हणाली, "सावकाश खावा, काका. सकाळच्या जेवणावर जेवताय." काकू एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. काका नाही हसले. "चुकलो, वहिनी," एवढंच म्हणाले आणि मीठ मागितलं.

आतल्या गावातनं त्या दिवशी आमच्या दारात हात धुतला तो या दोघांनीच. पातेलं जवळजवळ भरलेलंच राहिलं. ते टेम्पोत चढवताना बाबा म्हणाले, "पुढच्या साली जरा बारकं भांडं आणू."

पुढच्या साली आईनं तेच पातेलं चुलीवर चढवलं.