भागीरथीबाईंची पुढची सीट

शंकरराव भोपी आनंदनगरच्या एका कारखान्यात लेथवर टर्नर होते. लोखंडाच्या कामात केसभर चूक खपवून घ्यायचे नाहीत. घरच्या कामात मात्र हातभर चुकले तरी त्यांना पत्ता नसे. दोन हजार तीन साली मुलगी लग्न होऊन सासरी गेली, घर सुनं सुनं झालं आणि या गृहस्थांनी एक निळी सेकंडहँड मोटार घेतली. ती कुठल्या कंपनीची हे सांगण्यात अर्थ नाही, कारण मूळचं तिच्यात हॉर्नशिवाय काहीच उरलं नव्हतं.

मोटार घेण्यामागचं खरं कारण त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, पण भागीरथीबाई आणि ते शेजारी शेजारी बसून कधी कुठे गेले नव्हते. बसमध्ये त्या बायकांच्या सीटवर. रिक्षात त्या मागे आणि हे ड्रायव्हरच्या बाजूला अर्ध्या मांडीवर लटकलेले. लग्नकार्यात तर बायकांची पंगतच निराळी. आपल्या शेजारी पुढच्या सीटवर ही बसलीय आणि आपण गाडी चालवतोय, एवढं एकच सुख त्यांना हवं होतं.

पहिल्याच सोमवारी ते बायकोला शिवमंदिरात घेऊन निघाले. मंदिर आलं, पण मोटार थांबेना. फुलवाल्या इंदुबाईची टोपली गेली, टोपलीमागचं बाकडं गेलं आणि शेवटी एका झाडाने मध्यस्थी केली. कोणाला खरचटलं नाही, हे नशीब. भागीरथीबाई उतरल्या, पदर सारखा केला, इंदुबाईची फुलं वेचून दिली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "सांगितल्यावर थांबत नाही, अशा वस्तूत मी बसायची नाही."

झालं. शंकररावांनी ब्रेक सुधारायचं मनावर घेतलं. नवे कोरे ब्रेक बसवायचे म्हणजे मोटारीपेक्षा ब्रेक महाग पडणार, म्हणून ते पलीकडच्या सिंधी वस्तीत, कॅम्प तीनला, मोटवानी शेठच्या जुन्या पार्टच्या दुकानात गेले. तिथे अपघातात चेपलेल्या एका नव्या गाडीचे डिस्क ब्रेक पडले होते. शेठने साफ सांगितलं, "साईं, ये आपकी गाडी में नहीं बैठेगा." आपल्याला कोणी असं सांगावं, हे टर्नर माणसाला कसं सहन व्हावं? साहेबाची परवानगी काढून तीन महिने रोज जेवणाच्या सुट्टीत त्यांनी लेथवर ते सामान घासलं, पट्ट्या कापल्या, भोकं पाडली. डबा तसाच परत यायला लागला तेव्हा भागीरथीबाईंना वाटलं, आपल्या हातची चव गेली.

ब्रेक मात्र असे झाले की पेडलला नुसता पाय दाखवला तरी मोटार जागच्या जागी खिळावी. शंकरराव खूश. भागीरथीबाई मात्र ढिम्म. पुढच्या सोमवारी त्या नारळाचं ताट घेऊन सरळ स्टँडवर गेल्या आणि मुकेशच्या शेअर रिक्षात बसल्या.

मग शंकररावांच्या डोक्यात अफलातून कल्पना आली. ही बसत नाही तर नसू दे, पण बघेल तरी. त्यांनी मोटार काढली, मुकेशच्या रिक्षाच्या पुढे घातली, आणि मंदिराच्या अलीकडे मोकळ्या रस्त्यावर, कुत्रं नाही की मांजर नाही, अशा जागी बायकोला दाखवायला म्हणून करकचून ब्रेक मारला.

मोटार थांबली. काय सुरेख थांबली! मागची रिक्षा कशी थांबणार? ती डिकीत घुसली. मुकेशच्या रिक्षाला पुढची काच नव्हतीच. ताटातला नारळ त्याच्या कानाजवळून उडाला आणि मोटारीच्या मागच्या काचेवर आपटला. महादेवाचा नारळ असा मोटारीवर वाढवला गेला. भागीरथीबाईंच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं.

"तुमची थांबली हो," त्या म्हणाल्या. "माझी नाही थांबली."

हे वाक्य शंकररावांच्या जिव्हारी लागलं. स्वतःची इतकी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुकेशच्या रिक्षाच्या ब्रेकचे तिन्ही ड्रम उतरवून कारखान्यात नेले, लेथवर घासून गुळगुळीत केले आणि ब्रेकला नवे लायनर लावले. मग घरी येऊन बायकोला बजावलं की यापुढे फक्त मुकेशच्याच रिक्षात बसायचं.

"असं कसं?" त्या म्हणाल्या. "स्टँडवर नंबर असतो. ज्याचा नंबर लागेल त्याच्यात बसायचं."

खरंच होतं. सोमवारी कोणाचा नंबर येईल हे महादेवालासुद्धा सांगता आलं नसतं. स्टँडवर एकेचाळीस रिक्षा होत्या. शंकररावांनी त्यावर दोन दिवस विचार केला आणि कोणाही शहाण्या माणसाने केलं नसतं ते करायला घेतलं. दर रविवारी ब्रेक सुधारून घ्यायला रिक्षा त्यांच्या अंगणात यायच्या. रिक्षावाले आधी हसले, मग रांग लावू लागले, मग रांगेवरून भांडू लागले, शेवटी ड्रम उतरवायची तेवढी जागाही नंबराने वाटली गेली. पुढे असं झालं की एखाद्या रिक्षावाल्याने ब्रेक दाबला की सगळे प्रवासी एकदम नमस्काराला वाकावेत तसे पुढे झुकायचे.

लायनर फुकट येत नव्हते. फंडाला हात लावायचा नाही, ही भागीरथीबाईंची ताकीद होती. तेव्हा शंकररावांनी मोटारीचे डिस्क ब्रेक सोडवून मोटवानी शेठला परत विकले. तेही पुरेनात, तशी चाकं गेली. मग गिअरबॉक्स गेला, इंजिन गेलं, हॉर्नसुद्धा गेला. एकेचाळिसावी रिक्षा अंगणातून बाहेर पडली तेव्हा निळी मोटार आठ विटांवर उभी होती. नुसतं कवच, दारं आणि सीटा.

त्या संध्याकाळी शंकरराव तेलकट हातांनी ओट्यावर बसले होते. वर्षभर खपून आपण नेमकं काय मिळवलं हे त्यांना आठवेना, आणि आठवलं तेव्हा फार वाईट वाटलं. शेजारी बसून कुठेतरी जायचं होतं. आता जायचं कशातून?

भागीरथीबाई चहाचे दोन कप घेऊन बाहेर आल्या. ओट्यावर थांबल्या नाहीत. तशाच पुढे गेल्या, कोपराने मोटारीचं दार उघडलं आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

"या की," त्या म्हणाल्या. "चहा निवतोय."

शंकररावांनी विचारलं, आता कशी काय बसलीस.

"आता ही कुठे जायची नाही ना," त्या म्हणाल्या. "आणि तुम्हीपण."

शंकररावांनी धोतराला हात पुसले आणि दुसऱ्या बाजूने जाऊन शेजारी बसले. समोर भिंतीशिवाय काही दिसत नव्हतं. दोघं चहा संपेपर्यंत बसून राहिले आणि संपल्यावरही बराच वेळ कोणी उतरलं नाही.